रेवतीनं जावं की राहावं

यशोधरा भालेराव विठ्ठलवाडीला राहायची आणि उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लखूशेठच्या पडद्यांच्या दुकानात बिलं करायची. बी.कॉम. झालेली, तिशी ओलांडलेली, लग्न व्हायचं होतं. दोन स्थळं तिनं नाकारली होती, एकानं तिला. घरी वडील शिवराम, आई गयाबाई. भाऊ राजेंद्र नोकरीसाठी नाशिकला गेलेला. उंचीनं बेताची, बोलायला ठाम, आणि समोरचा चुकीचं बोलला की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. या पाळ्यांचं मला खूप नंतर कळलं, कारण आमची ओळख झाली ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

२००७ साली टीव्हीवर 'वेलबुट्टी' नावाची मालिका लागायची. साड्यांची पेढी असलेलं सरपोतदारांचं श्रीमंत घर, त्यातला थोरला मुलगा इंद्रजित आणि साध्या घरातून आलेली त्याची बायको रेवती. मालिका होती चार मालिकांसारखीच, पण त्या दोघांनी आम्हाला वेड लावलं होतं. ऑर्कुटवर, म्हणजे फेसबुकच्या आधीच्या त्या संकेतस्थळावर, मालिकेची कम्युनिटी होती. रेवती आणि इंद्रजित मिळून आम्ही 'रेवजित' असं नाव पाडलं होतं. मालिकेत जे दाखवत नाहीत ते तिथे लोक स्वतःच लिहायचे. रेवजित महाबळेश्वरला जातात, रेवतीला ताप येतो आणि इंद्रजित रात्रभर उशाशी बसतो, असल्या गोष्टी. त्याला कुणी 'फॅनफिक' म्हणायचं, कुणी नुसतं 'भाग'. "ताई, पुढचा भाग कधी?" मी अंबरनाथला शाळेत मराठी शिकवायचे. लिहायची हिंमत नव्हती. शाळेतून आले की चहाचा कप घेऊन वाचत बसायचे.

त्या कम्युनिटीच्या राणी होत्या वृंदाताई. वृंदा खासनीस, राहणार बदलापूर. यजमान विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मुलगा गंधार बंगळूरला. त्यानंच आईला कॉम्प्युटर घेऊन दिला होता आणि मराठी टाइप करायला शिकवलं होतं. वृंदाताईंचा इंद्रजित मालिकेतल्यापेक्षाही जबरदस्त होता. रेवतीकडे कुणी दोनदा बघितलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची. तो तिचा मोबाइल भिंतीवर आपटायचा, आणि मग अंगणात उभा राहून तिची माफी मागायचा. खाली शंभर-शंभर बायका लिहायच्या, "ताई, रडवलंत!" कम्युनिटीची सूत्रंही त्यांच्याच हातात होती, कुणाचा मजकूर ठेवायचा आणि कुणाचा पुसायचा, ते त्याच ठरवायच्या.

यशोधराही लिहायची. दुपारी जेवणानंतर कॅम्प दोनचा बाजार जरा पेंगतो. तेवढ्या वेळात ती दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसायची. लखूशेठ गादीवर आडवे व्हायचे आणि डोळे मिटूनच म्हणायचे, "बेटा, पार्टी आये तो उठाना." पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. तिचे भाग लहान असायचे. त्यांत रेवती भाजी निवडायची, जुन्या मैत्रिणीला फोन करायची, नोकरीचा अर्ज भरायची. वाचणारे थोडे होते, पण जे होते ते नेमानं वाचायचे. मी त्यांतलीच एक.

मग तो भाग आला. पेढीच्या वर्धापनदिनाला रेवती जुन्या कॉलेजमित्राशी हसून बोलते, आणि इंद्रजित सगळ्यांसमोर तिच्या थोबाडीत मारतो. दुसऱ्या दिवशीच्या भागात तो गजरा घेऊन येतो, रेवती रडते, मागे सनई वाजते.

आमच्या कम्युनिटीत त्या संध्याकाळी जत्रा भरली. बहुतेकींना तो प्रसंग प्रेमाचाच वाटला होता. "किती जीव आहे त्याचा!" "हक्क आहे म्हणून राग येतो." वृंदाताईंनी तर लगेच एक भाग लिहिला. त्यात इंद्रजित ज्या हातानं मारलं तो हात काचेवर आपटून घेतो आणि रेवती त्याला पट्टी बांधते.

यशोधरानं तो प्रसंग घरी पाहिला होता, आईबाबांसोबत. हे तिनं मला पुढे सांगितलं. थप्पड बसली तेव्हा गयाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. म्हणाल्या, "त्यात काय एवढं. गजरा तरी आनला त्यानं." शिवराम उठले, चपला पायात घातल्या आणि बाहेर गेले. यशोधराला लहानपणचं आठवत होतं. बाबा तेव्हा प्यायचे. ती शाळेत असतानाच त्यांनी दारू सोडली ती कायमची, बुद्धविहारात जायला लागले, मुलांना शिकवलं. आता ते गल्लीतले सगळ्यात सौम्य गृहस्थ होते. त्या दिवसांबद्दल त्या घरात कुणी कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं भाग लिहिला. गजरा टेबलावर तसाच राहतो, रेवती दोन साड्या आणि पदवीचं प्रमाणपत्र पिशवीत घालते आणि सरपोतदारांच्या घराबाहेर पडते. एवढंच. ना रडणं, ना भाषण.

आभाळ कोसळलं म्हणा ना! "रेवजित तोडणारी तू कोण?" "आमच्या इंद्रजितला व्हिलन करू नका." "मूळ मालिकेत नाही ते लिहायचंच कशाला?" यशोधरा एकेकीला उत्तर देत होती. मूळ मालिकेत महाबळेश्वर तरी कुठे होतं, असं तिनं विचारलं. वृंदाताई स्वतः उतरल्या. त्यांनी लिहिलं, 'यशोधरा, तुला माणूस लिहिता येतो, पण प्रेम लिहिता येत नाही. इंद्रजित आतून जळतोय, ते तुला दिसत नाही.' यशोधरानं उत्तर दिलं, 'जळतोय तो, आणि चटका तिला. हे प्रेम मला खरंच लिहिता येत नाही.'

इथवर भांडण चांगलं होतं. मी श्वास रोखून वाचत होते. मग 'मोगरा' नावानं लिहिणारी एक बाई मध्ये आली. तिनं यशोधराचं प्रोफाइल उघडून पाहिलं असावं. तिथे आडनाव होतं, घरातला बुद्धमूर्तीचा फोटो होता. तिनं लिहिलं, 'तुमच्या वस्तीत नवरे पिऊन मारतात म्हणून सगळ्यांच्या घरात तेच चालतं असं समजू नका. सरपोतदारांसारखी घरं तुम्हाला काय कळणार?' खाली दोघीतिघींनी हसण्याच्या खुणा केल्या.

मी दुसऱ्या दिवशी बघते तर तो अख्खा धागा गायब. भांडण, यशोधराचा भाग, मोगराचं ते वाक्य, सगळंच. वृंदाताईंनी मोगराला कम्युनिटीतून काढलं होतं आणि एक ओळ लिहिली होती, 'इथे गोष्टींवर भांडा, माणसांच्या जातीवर नाही.' मला बरं वाटलं. यशोधराला मात्र नाही. तिनं एकच वाक्य टाकलं, 'माझी गोष्ट का पुसलीत?' आणि लिहिणं बंद केलं.

त्यानंतर आठवडाभरानं वृंदाताई कॅम्प दोनमध्ये उतरल्या. यशोधरानं कधीतरी पडद्यांच्या दुकानाचा उल्लेख केला होता, तेवढ्यावर. पडद्यांची दुकानं तिथे ओळीनं आहेत. प्रत्येक दुकानात शिरून, कापडाला हात लावून, "इथे यशोधरा नावाची मुलगी आहे का हो?" असं विचारत त्या लखूशेठच्या दुकानात पोचल्या. फिकट जांभळी साडी, खांद्यावर पर्स, घामाघूम.

"तू यशोधरा ना? फोटोत जरा गुबगुबीत दिसतेस."

यशोधरानं त्यांना ओळखलं. तिनं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि बिलाच्या कॉम्प्युटरकडे परत वळली.

"रागावलीयेस."

"तुम्ही न विचारता पुसलंत, वृंदाताई."

"घाण होती ती. पुसायची नाही तर काय करायचं?"

"माझ्यावर फेकलेली होती. ठेवायची की पुसायची, ते मला विचारायचं. राहिली असती तर लोकांनी वाचली असती, कोण काय बोललं ते. आता सगळ्यांना वाटतं, मीच काहीतरी वाईट लिहिलं म्हणून उडवलं."

वृंदाताईंनी ग्लास हातात फिरवला. "हे माझ्या डोक्यात आलं नाही," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. तुझा भाग मी परत टाकते." मग लगेच, "पण इंद्रजितला तू राक्षस केलायस, ते मला मान्य नाही हं."

"हात त्यानं उचलला. मी नाही."

"त्याला पस्तावा झालाय गं! जेवला नाही तो त्या दिवशी."

"तीही जेवली नाही. तिला कुणी विचारलं?"

"तो जगात फक्त तिलाच बघतो!"

"म्हणून दुसऱ्या कुणाला तिनं बघायचंच नाही?"

आवाज चढले तसे लखूशेठ गादीवर उठून बसले. आधी त्यांनी नुसतं ऐकलं. मग चष्मा लावला. मग राहवलं नाही.

"बेटा, लड़की अभी कहाँ है? मायके में?"

"नाही शेठ, अभी उधरच है. नवऱ्याकडे."

"उधर ही है?" शेठनी कपाळावर हात मारला. "तो तुम दोनों इधर क्या बहस कर रही हो? जाके लेके आओ ना उसको!"

दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या आणि वृंदाताईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मालिकेतली मुलगी आहे, हे कळल्यावर लखूशेठ पुन्हा आडवे झाले. "वो साड़ीवाले? मेरी घरवाली बोलती है, लड़का दिल का अच्छा है," एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले. वृंदाताईंनी खरोखरच पडदे घेतले आणि यशोधराला रविवारी बदलापूरला जेवायला बोलावलं.

ती गेली. जावं की नाही, यावर दोन दिवस घालवून गेली. वृंदाताईंचं घर बैठं होतं, मागे चिकूचं झाड. विष्णुपंतांनी दार उघडलं, "या" म्हणाले आणि वर्तमानपत्राआड गेले. जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत. मीठसुद्धा त्यांनी बोट दाखवून मागितलं.

जेवण झाल्यावर दोघी मागच्या ओट्यावर बसल्या. वृंदाताई सुपारी कातरत म्हणाल्या, "बघितलंस ना? देवमाणूस आहे. आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नाही. आणि कुठे गेली होतीस, असंही कधी विचारलं नाही. एकदा बहिणीकडून यायला मला अख्खा दिवस उशीर झाला. फोन नव्हते तेव्हा. मला वाटलं, काळजीनं दारात उभे असतील. मी आले तर म्हणतात, गॅसचा नंबर लावायचा राहिलाय." त्यांनी सुपारी पुन्हा अडकित्त्यात धरली. "इंद्रजित निदान बघतो तरी गं तिच्याकडे."

 यशोधरा पुढे मला म्हणाली, "इतके दिवस मला वाटत होतं, या बाईला मार गोड लागतो. त्या दिवशी कळलं, तिला कुणी विचारलेलंच नाही." तरी ती ओट्यावरही गप्प बसली नाही. म्हणाली, "ताई, मग असा इंद्रजित लिहा ना, जो तिला विचारतो. मोबाइल फोडायची काय गरज?"

"असा पुरुष मी बघितलेला नाही. लिहू कसा?"

"मी तरी कुठे बघितलाय?"

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. विष्णुपंत उभे होते.

"ती राहते कुठे पण?"

"कोण?" वृंदाताई दचकल्या.

"रेवती. घर सोडून जाते, ठीक. बाप गेलेला, भाऊ भांडखोर. हातात नोकरी नाही. मग राहणार कुठे? ते आलं पाहिजे गोष्टीत."

"तुम्ही वाचलंत?"

"तू लिहिताना मोठ्यानं म्हणतेस. हिचंही म्हणत होतीस, चिडून. ऐकू येतं मला." एवढं बोलून ते आत गेले. वृंदाताई किती तरी वेळ त्या दाराकडे पाहत होत्या.

त्या प्रश्नातूनच पुढची गोष्ट निघाली. दोघींनी मिळून लिहायचं ठरवलं. रेवतीचे भाग यशोधराचे, इंद्रजितचे वृंदाताईंचे. शुद्धलेखन बघायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मी मराठी शिकवते हे कळल्यावर मला त्यात ओढलं. अशी मी त्या दोघींना प्रत्यक्ष भेटले, आणि यशोधराच्या कानांच्या पाळ्या पाहिल्या.

रेवती अंबरनाथला भाड्याची खोली घेते, एका शिकवणीवर्गात नोकरी धरते. खोली शोधण्याचे तपशील माझे. घरमालकीण बनूबाई, एकट्या बाईला खोली देताना शंभर प्रश्न विचारणारी, ती माझ्याच गल्लीतली. तिकडे वृंदाताईंचा इंद्रजित पहिल्यांदाच रेवती नसलेल्या घरात वावरायला लागला. त्याला चहा करता येत नाही, आई त्याला शिकवत नाही, आणि रागावायला समोर कुणीच नाही. माझ्या मते वृंदाताईंनी लिहिलेलं ते सगळ्यात चांगलं. पण फोनवर दोघींची रोज जुंपायची. इंद्रजितनं पाळत ठेवायला माणूस पाठवला, तर यशोधरानं तो भाग परत पाठवला. रेवती पूर्ण महिन्यात एकदाही रडली नाही म्हणून वृंदाताई चिडल्या. "दगड आहे का ती? नवरा होता तिचा!" यशोधरानं विचार केला आणि रेवतीला एकदा रडू दिलं, भाजीवालीसमोर, उगाचच.

गाडी अडली ती शेवटी. इंद्रजित अंबरनाथला येतो आणि खोलीचं दार वाजवतो. वृंदाताई म्हणत, तिनं दार उघडावं आणि त्याच्यासोबत जावं, माणूस बदललाय. यशोधरा म्हणे, दार उघडायचंच नाही. तिथे आम्ही महिनाभर रुतलो. कम्युनिटीत वाचक बोंबलत होते.

गयाबाईंना वाचता येत नव्हतं. पोरगी एवढं काय लिहिते, म्हणून त्यांनी हट्ट धरला तेव्हा यशोधरा सुट्टीच्या सकाळी त्यांना भाग वाचून दाखवायची. त्या सकाळी मीही तिथे होते, तपासलेले कागद द्यायला गेले होते. शिवराम दारातल्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसले होते. रेवती पिशवी भरून निघते तो भाग यशोधरानं वाचला.  बाबा ऐकतायत हे तिला माहीत होतं.

गयाबाई म्हणाल्या, "पोरगी शिकलेली हाय, गेली. मला कुठं जाता आलं असतं? दोन लेकरं कडेवर."

 बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली. मग शिवराम पाठ न वळवता म्हणाले, "जायला पायजे होतंस, गया."

यशोधराचे हात कागदावर तसेच राहिले.

"तू गेली असतीस, तर मी आलो असतो आणायला," ते म्हणाले. "दारू सोडून आलो असतो. लवकर सोडली असती."

गयाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "आला असतात. मला ठाऊक हाय, आला असतात," त्या म्हणाल्या. "पन मी यायचं का नाय, ते मी ठरवलं असतं."

शिवरामांनी मान हलवली. "तूच ठरवलं असतंस," ते म्हणाले, आणि तिथेच बसून राहिले. थोड्या वेळानं गयाबाई चहा टाकायला उठल्या, तर शिवराम आत आले आणि त्यांच्या हातातून पातेलं घेतलं. मी निघाले. त्या घरात मी थांबायची ती वेळ नव्हती.

शेवटचा भाग यशोधरानं दुसऱ्याच दिवशी लिहिला. रेवती दार उघडते. इंद्रजित काही म्हणायच्या आत ती त्याला बसायला सांगते, त्याचं सगळं बोलणं ऐकून घेते, आणि म्हणते, "मी ठरवेन. तुला कळवेन. तोपर्यंत येऊ नकोस." वृंदाताईंनी वाचलं. त्यांना ते आवडलं नाही. फोनवर त्या बराच वेळ कुरकुरल्या. मग त्यांनी इंद्रजितची बाजू लिहून पाठवली: तो जिना उतरतो, कोपऱ्यावर थांबतो, आणि वळून वर न बघता स्टेशनाकडे चालू लागतो. "वर बघायचं होतं त्याला," त्या मला म्हणाल्या, "पण नको म्हटलं. तिला वाटेल, पाळत ठेवतोय."

लोकांनी शिव्या घातल्या. "हा काय शेवट झाला?" काहीजणी सोडून गेल्या. पण यशोधराच्या ऑर्कुटवर अनोळखी बायकांचे निरोप यायला लागले. कुणी नुसतं 'वाचलं' लिहायचं, कुणी पानभर. प्रत्येकीला तिनं उत्तर दिलं. मालिका पुढच्या वर्षी बंद झाली, इंद्रजित-रेवतीच्या जुळ्यांच्या बारशावर. तो भाग आम्ही तिघींनी बदलापूरला एकत्र पाहिला. विष्णुपंत बारसं संपेपर्यंत बसून होते आणि म्हणाले, "आपली बरी होती." त्या 'आपली'वर वृंदाताई दिवसभर खूश होत्या.

२००९ मध्ये यशोधराला मिलिंदचं स्थळ आलं. तो जांभूळ गावच्या पाणीपुरवठा केंद्रात पंपावर होता. बघायच्या कार्यक्रमात तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हाला राग आला की तुम्ही काय करता?" मोठी माणसं चुळबुळायला लागली. मिलिंदनं विचार केला. खरंच विचार केला, असं यशोधरा सांगते. मग म्हणाला, "गप्प बसतो. पंपाजवळ ओरडून उपयोग नसतो, तीच सवय लागलीय. पण बहीण म्हणते, तेही चांगलं नाही."

"बहीण बरोबर म्हणते," यशोधरा म्हणाली. "मला बोललेलं चालेल."

लग्न विठ्ठलवाडीच्या विहाराशेजारच्या हॉलमध्ये झालं. लखूशेठनी स्टेजचे पडदे स्वतः उभे राहून लावून घेतले आणि जरीच्या कडेवरून सजावटवाल्याशी वाद घातला. वृंदाताई आणि विष्णुपंत पहिल्या रांगेत होते. बुद्धवंदना झाली, दोघांनी हार घातले. फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा यशोधरा आईबाबांना शोधत होती. ते दोघं जेवणाच्या पंगतीत आधीच बसलेले सापडले, शेजारी शेजारी. गयाबाई म्हणाल्या, "भूक लागली व्हती. यांनीच विचारलं, जेवतेस का म्हणून."

यशोधरानं फोटोवाल्याला तिथेच बोलावलं.